ठेवून गेलेल्या पेट्या

१

डॉ. पंचशीला ढवळे हिच्या दवाखान्यात माणूस रडत आला तरी चालायचं, भांडत आला तरी चालायचं, पण चपला घालून आत आला तर चालायचं नाही. इंदूरच्या सुदामा नगरातल्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना होता आणि मागच्या अंगाला ती आणि तिची आई राहत होत्या. दारातली फरशी इतकी लख्ख असे की येणाऱ्याचे हात आपोआप चपलेकडे जात. ही आईची करामत. लेक माणसांची मनं साफ करते, मग निदान फरशी तरी आपण साफ करावी, असं आईचं, आनंदीचं, म्हणणं होतं.

पंचशीलाकडे येणारे लोक अशा काहीतरी प्रसंगातून आलेले असत, जो घडून गेला तरी घडायचा थांबत नाही. अपघात, आग, मारहाण, डोळ्यांदेखत गेलेलं माणूस. ती त्यांना खुर्चीत बसवायची, पाय जमिनीवर सपाट टेकवायला लावायची आणि डोळे मिटायला सांगायची. मग म्हणायची, एक खोली मनात आणा, जिथे तुम्हाला कुणी त्रास देणार नाही. त्या खोलीत एक पेटी आहे. जे झालं ते तिच्यात ठेवा आणि झाकण लावा.

इथवर सगळ्याच गावांतले मानसोपचारवाले थोड्याफार फरकाने हेच करतात. पंचशीलाचं स्वतःचं जे होतं ते याच्या पुढे होतं. ती म्हणायची, आता पेटी तिथेच ठेवून बाहेर या. तिथे कुणीतरी आहे, ते सांभाळतील. या एवढ्या वाक्यावर तिची पीएच.डी. झाली होती, तिचे निबंध छापून आले होते आणि तिचे केस पिकले होते. मुख्य म्हणजे लोक बरे होत. नुसते बरे होत नसत, बरेच राहत.

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला मनोरमाबाई नावाच्या एक ज्येष्ठ परीक्षक आल्या होत्या. सगळ्यांचे प्रश्न संपल्यावर त्यांनी चष्मा काढून विचारलं होतं, "लोक ठेवून येतात हे मला पटलं. पण बाई, ते पुढे जातं कुठे?" सगळे हसले. कचऱ्याची गाडी दारात गाणं वाजवत येते त्या शहरात कचरा जातो कुठे हे पोरासोरांनाही ठाऊक असतं, तेव्हा प्रश्न इंदूरला शोभणाराच होता. पंचशीलाही हसली आणि म्हणाली की कुठेच जात नाही, मॅडम, ती एक कल्पना आहे. मनोरमाबाई काही हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि सही केली.

२

खरं सांगायचं तर ती कल्पना पंचशीलाची नव्हतीच. ती महूची होती.

तिचे वडील कचरू ढवळे फौजेत हवालदार होते आणि घर महूला, छावणीमागच्या एका लाइनीत होतं. त्या लाइनीतल्या कुणाची ना कुणाची बदली कायम निघालेली असे. नवरा वर बर्फात गेला की बायको पोरं घेऊन गावी जायची, आणि न नेता येणारं सामान काळ्या लोखंडी पेटीत भरून आनंदीवहिनीकडे यायचं. पेटीवर पांढऱ्या रंगाने नाव घातलेलं असे. पेटी आणणारी दारात उभी राही, आनंदी खाटेवरून म्हणे, "ठेव." ती ठेव म्हणाली की पेटी तिची जबाबदारी. दर रविवारी ती पेट्या पुसायची, पण झाकणाला बोट लावायची नाही. आणि कुणी दिराला पाठवलं, भावाला पाठवलं तरी पेटी द्यायची नाही. ज्याची त्यानेच न्यायची, हा तिचा कायदा होता.

एकदा आनंदीलाच बरेच महिने सासरी जावं लागलं तेव्हा तिने शेजारच्या सुलोचनेला चार्ज दिला. चार्ज हा शब्द कचरूचा. सुलोचनेला प्रत्येक पेटीसमोर उभं केलं, झाकणावर हात ठेवायला लावला आणि तिच्या तोंडून "ठेव" म्हणवून घेतलं. एका पेटीला ती चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. कचरू दारात उभा राहून हसला होता की आमच्या क्वार्टरमास्तरपेक्षा हिचा स्टोअर कडक आहे.

लहानगी पंचशीला त्या पेट्यांवर बसून अभ्यास करायची. खालून अर्धी भिंत हिरव्या ऑइल पेंटची, कोपऱ्यात माठ, खिडकीला बारीक जाळी, आणि खाटेवर आई. तिला आयुष्यात इतकं निर्धास्त पुन्हा कुठेच वाटलं नाही. त्यामुळे रुग्णाला "एक खोली मनात आणा" म्हणताना ती स्वतःही डोळे मिटायची आणि त्या खोलीत जाऊन यायची. सांगणाऱ्याने डोळे मिटू नयेत असं पुस्तकात लिहिलेलं आहे. पण आईच्या घरी जायला कुणी पुस्तक विचारतं का?

३

पुढे काम वाढलं. दूरदूरच्या शहरांतली केंद्रं तिच्या अभ्यासात सामील झाली, आणि सगळीकडे एकसारखं ऐकवता यावं म्हणून तिच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण करायचं ठरलं. पुढच्या खोलीत रस्त्याचा इतका गोंगाट की माइक लावला की हॉर्न, भाजीवाला आणि शेजारच्यांचा मिक्सर आळीपाळीने हजर. शेवटी तिचा सहकारी नीरज म्हणाला की मॅम, आजीची खोली सगळ्यात शांत आहे.

नीरज तिच्याच हाताखाली शिकून आता बरोबरीने काम करत होता. बायकापोरांचा, हसतमुख, मराठी बोलता बोलता हिंदीत घसरणारा. त्याने आनंदीच्या खोलीत पडदे लावले, कूलर बंद केला. आनंदी खाटेवर बसून लसूण सोलत होती. तिला सांगितलं की आता आवाज करायचा नाही. तिने टोपली मांडीवरून खाली ठेवली आणि शहाण्या मुलीसारखी बसली.

पंचशीलाने डोळे मिटले. आधी हिंदीत सगळं सांगितलं, मग मराठीत. त्या दिवशी तिचा आवाज कधी नव्हे इतका लागला. समोर आई बसलेली होती आणि आतही आईच बसलेली होती. "आता पेटी तिथेच ठेवा," ती म्हणाली आणि थांबली. त्या शांततेत खाटेवरून हळूच, अगदी सवयीने, आवाज आला, "ठेव."

पंचशीलाला हसू फुटलं. आनंदी ओशाळली, म्हणाली, "निकल गया मुँह से." नीरज ते कापणार होता, मग त्याने कानाला लावून पुन्हा ऐकलं आणि म्हणाला, "मॅम, राहू द्या. अच्छा लगता है. घरी आल्यासारखं वाटतं." राहू दिलं.

४

ते ध्वनिमुद्रण भलतंच चाललं. केंद्रांकडून येणारे आकडे पाहून नीरज खुर्चीत बसेना. मोठ्या परिषदेचं बोलावणं आलं, आणि पंचशीला आयुष्यात प्रथमच आरशासमोर उभी राहून भाषणाची तालीम करू लागली.

लक्ष्मण नावाचा ट्रक ड्रायव्हर तिचा जुना रुग्ण. घाटात त्याचा ट्रक उलटला होता, शेजारी बसलेला सोबती गेला होता आणि दबलेला हॉर्न कितीतरी वेळ वाजत राहिला होता. हॉर्न ऐकला की लक्ष्मण रस्त्याच्या मधोमध खाली बसायचा. आता तो बरा होऊन पुन्हा गाडीवर चढला होता आणि सहज भेटायला आला होता. येताना गरम कचोऱ्या घेऊन आला. निघता निघता म्हणाला, "खोली बढिया आहे मॅडम. फक्त आता पेट्या जास्त झाल्या. मी मध्ये असाच गेलो होतो बघायला, तर आजींना पाय ठेवायला जागा नाही. वर घेऊन बसल्या होत्या बिचाऱ्या."

पंचशीलाने हातातली कचोरी खाली ठेवली आणि विचारलं, कोणती खोली? लक्ष्मण सांगू लागला. खालून हिरवी भिंत. माठ. जाळीची खिडकी.

ती विचार करणारी बाई होती, घाबरणारी नव्हती. हिरवी अर्धी भिंत देशातल्या प्रत्येक सरकारी शाळेत, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात असते, लक्ष्मणने ती हजारदा पाहिली असणार. मुद्रणात म्हातारीचा आवाज आहे म्हटल्यावर मनात म्हातारी येणारच. राहिला माठ, तर माठ कुणाकडे नसतो? तिने स्वतःला असं नीट समजावलं. मग तिने नीरजला विचारलं की इतर केंद्रांवरचे लोक खोली कशी सांगतात. नीरज उत्साहाने म्हणाला की मॅम, तेच तर दाखवायचं होतं, सगळे एकच खोली सांगतायत, हे तर वेगळाच पेपर होईल. तो वाचून दाखवू लागला. एका केंद्रातली खिडकी, दुसऱ्यातली खाट, तिसऱ्यातल्या पेटीवरची पांढरी अक्षरं. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या सांगण्यात ती म्हातारी पाय वर घेऊन बसलेली.

मुद्रणात तिचे पाय कुठेच नव्हते.

५

पंचशीला त्या दुपारी मागे गेली तेव्हा आनंदी खाटेवर होती. पाय वर, गुडघे छातीशी. पंचशीलाला आठवेना की आई अशी कधीपासून बसू लागली. आपण रोज पाहत होतो आणि दिसलं नाही, याची तिला लाज वाटली.

मग एकेक दिसू लागलं. आनंदी खाटेवरून उतरून मोरीकडे जायची ती सरळ जात नसे. अंग चोरून, आडवी, कशाला तरी वळसा घालून जायची. मोकळ्या फरशीवर. झाडायला बाई आली की तिला उंबऱ्यातूनच परत पाठवायची. वजन उतरलं होतं, डोळ्यांखाली काळं आलं होतं. डॉक्टरांनी तपासून वयाचा अशक्तपणा म्हणून सांगितलं आणि शक्तीच्या गोळ्या दिल्या. आनंदी गोळ्या घ्यायची आणि पुन्हा पाय वर घेऊन बसायची.

एकदा चहा पिताना ती म्हणाली, "त्या ड्रायव्हरला सांग गं. त्याचं झाकण नीट बसलेलं नाही. हॉर्न वाजतो त्यातून दिवसभर."

रुग्णांची गोष्ट पंचशीलाने घरात कधी काढली नव्हती. भिंती पातळ असतील, आईने पुढचं बोलणं ऐकलं असेल, असं म्हणावं तर लक्ष्मण ते पहिल्यांदा आणि शेवटचं बोलला तेव्हा आनंदी बहिणीकडे महूला होती. तरी पंचशीला म्हणाली, "आई, एवढ्या रस्त्यावर गाड्या आहेत. त्यांचाच हॉर्न."

"असेल," आनंदी म्हणाली. तिला लेकीशी वाद घालायची हौस नव्हती.

तेवढ्यात वीज गेली. कूलर घरघरत थांबला, पंखा थांबला, पाणी ठिबकायचं तेही थांबलं. उन्हाळ्याच्या दुपारी वीज गेली की अख्खी कॉलनी एकदम गप्प होते, तशी झाली. त्या गप्पपणात पंचशीलाला ते ऐकू आलं. फार बारीक होतं. लांबून नव्हतं, बंद कशाच्या तरी आतून होतं. एकच सूर, न तुटता, मोरीकडच्या रिकाम्या कोपऱ्यातून. वीज आली आणि कूलरने ते झाकलं. आनंदीने उरलेला चहा संपवला.

६

पंचशीलाने ध्वनिमुद्रण थांबवलं. तांत्रिक अडचण आहे असं सगळ्या केंद्रांना कळवायला सांगितलं. इतक्या वर्षांचं काम हातातोंडाशी आलंय आणि मॅम आता कच का खातायत, हे नीरजला कळेना, आणि तिला सांगता येईना. सांगणार काय? की माझ्या आईला खोलीत जागा उरली नाही?

थांबवून उपयोग झाला नाही. रुग्णांनी ते भावांना पाठवलं होतं, भावांनी मित्रांना, आणि आता ते कुठल्या कुठल्या ग्रुपवर "मन को शांती" म्हणून फिरत होतं. कोण कुठे डोळे मिटून बसलं असेल याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. आनंदी आता खाटेवरून उतरायचंच टाळू लागली. मोरीत नेताना पंचशीलाने तिचा हात धरला की ती म्हणायची, जरा सांभाळून, उजवीकडून ये. पंचशीला उजवीकडून यायची. का यायची ते तिने स्वतःला विचारलं नाही.

याच दिवसांत गावातल्याच मल्हारगंजातून खुशी आली. वडिलांचं कपडे शिवायचं दुकान जळालं होतं, तेव्हा ती आत होती. तिला ओढून काढणारी शेजारीण आत राहिली. खुशीला प्रत्येक अन्नाला, प्रत्येक कपड्याला धुराचा वास यायचा. ती जेवत नव्हती. तिला ते मुद्रण हवं होतं, तिच्या मावशीला त्याने बरं वाटलं होतं. पंचशीला म्हणाली की आपण दुसऱ्या पद्धतीने करू, थोडा वेळ लागेल. खुशीने मान डोलावली, पण तिचा चेहरा दुकान बंद झाल्यावर परत फिरणाऱ्या गिऱ्हाइकासारखा झाला.

संध्याकाळी पंचशीलाने आईला भात भरवला. दोन घास खाऊन आनंदीने ताट सारलं आणि ती रडू लागली. वडील गेले तेव्हाही पंचशीलाने आईला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"एक पोरगी दाराशी उभी आहे," आनंदी म्हणाली. "तिच्या पेटीला जळल्याचा वास येतोय. मी तिला म्हटलं, बेटा, जगह नहीं है. पंचू, जिंदगीत पहिल्यांदा मी कुणाला नाही म्हटलं गं."

७

"परत देऊन टाक," पंचशीला म्हणाली. "आई, ज्यांच्या आहेत त्यांना देऊन टाक."

आनंदी म्हणाली की द्यायला कोण नाही म्हणतं, पण ज्याची त्यानेच यायला हवं.

म्हणून पंचशीलाने लक्ष्मणला फोन लावला. तो कुठल्यातरी ढाब्यावर होता. मागे गाड्या जात होत्या, हॉर्न वाजत होते आणि तो खळखळून हसत होता. मुलीचं लग्न ठरलं होतं, मॅडमने यायचंच होतं. पंचशीलाने अडखळत विचारलं की त्या दिवसाचं, घाटातलं, आता कधी मनात येतं का.

"ते कशाला येईल मॅडम?" लक्ष्मण म्हणाला. "ते तर तुमच्याकडे ठेवलंय ना."

तिने त्याचं अभिनंदन केलं आणि फोन ठेवला. या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं की ये आणि तुझं घेऊन जा? आणि त्याच्यासारखे किती. तिच्या साऱ्या विद्येचं सार एवढंच होतं की ते लोक मोकळे झाले होते, आणि तिची आई त्यांच्या ओझ्याखाली वाळत चालली होती. तिला मनोरमाबाई आठवल्या. त्यांच्या प्रश्नावर आपण हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दवाखाना बंद ठेवला. आईच्या खोलीत गेली, पडदे लावले. आनंदीच्या खाटेशेजारी खुर्ची ओढून बसली. कानात मुद्रण लावलं आणि पाय जमिनीवर सपाट टेकवले. स्वतःचा आवाज तिने कधी रुग्ण म्हणून ऐकला नव्हता. तो तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला, फार प्रेमळ, आणि तिला त्याची थोडी भीती वाटली.

एक खोली मनात आणा, आवाज म्हणाला.

आणायला लागलीच नाही. दार होतं, ते लोटलं तर अर्धंच उघडलं, मागे काहीतरी अडकत होतं. ती अंग चोरून आत शिरली. हिरवी भिंत कुठेतरी फटीतून दिसत होती, बाकी सगळं काळं. छतापर्यंत. पांढरी नावं, कितीतरी लिप्यांत. खिडकीच्या जाळीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात धूळ अगदी सावकाश, झोपेत असल्यासारखी फिरत होती. माठातलं पाणी आपोआप हलत होतं. काही पेट्या गप्प होत्या. काही नव्हत्या. एकीच्या झाकणाची फट तिच्या गुडघ्याशी आली तेव्हा तिने तिकडे पाहिलं नाही. या सगळ्याच्या मधोमध, खाटेवर, तिची आई एखाद्या पोरीएवढी लहान होऊन बसली होती.

"आलीस?" आनंदी म्हणाली. "मला वाटलं, तू तुझी पेटी घेऊन आलीस."

"नाही," पंचशीला म्हणाली. "मी चार्ज घ्यायला आले."

आई म्हणून आनंदीने नको म्हटलं असतं, पण ती त्या खोलीत फक्त आई नव्हती. "चुकलीस तर पहिल्यापासून," ती म्हणाली.

पहिल्या पेटीवर हात ठेवला तेव्हा लोखंड गरम होतं. पंचशीला म्हणाली, ठेव. हाताखाली काहीतरी वळलं आणि स्थिर झालं. दुसरीवर, तिसरीवर. हॉर्नच्या पेटीवर तिने दोन्ही हात दाबले. पुढे पुढे तिला कुठली कुणाची हे विचारावं लागेना, हात टेकला की कळत होतं, आणि कळू नये असं तिला फार वाटत होतं. अगदी शेवटी, खाटेखाली, एक छोटी पेटी होती. तिच्यावर नाव नव्हतं. तिने वर पाहिलं तर आनंदीने मान फिरवली. पंचशीलाने आईच्या त्या पेटीवरही हात ठेवला.

डोळे उघडले तेव्हा कूलर चालू होता आणि चहाची वेळ झाली होती. खाटेवर आनंदी गाढ झोपली होती. हातपाय सैल, एक पाय खाटेबाहेर, तळवा जमिनीला टेकलेला. तिचं घोरणं ऐकत पंचशीला तिथेच बसून राहिली आणि तिला इतका आनंद झाला की ती तोंडावर पदर घेऊन रडली.

८

आनंदी महिन्याभरात सुधारली. झाडूवालीला उंबऱ्यावरून हाका मारून बोलवू लागली, पोह्यांवर मूठभर शेव घालून खाऊ लागली, टीव्हीवरच्या सुनांना नावं ठेवू लागली. मधल्या दिवसांचं तिला फारसं आठवत नव्हतं. "बुखार होता का गं मला?" असं एकदा विचारलं तिने, आणि उत्तराची वाट न बघता ती फरशी पुसायला घेऊन बसली. सरळ, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत.

खुशी पुन्हा आली. यावेळी पंचशीलाने तिला दुसरी पद्धत सुचवली नाही. खुर्चीत बसवलं, पाय टेकवायला सांगितले, स्वतः समोर बसली आणि बोलू लागली. आज तिने डोळे मिटले नाहीत. टक्क उघडे ठेवले. पेटी तिथेच ठेवा, ती म्हणाली आणि थांबली. खुशीचे ओठ हलले. बाहेर एक गाडी हॉर्न देत गेली.

खुशीने डोळे उघडले तेव्हा ती आधी नुसता श्वास घेत राहिली, नाकाने, पुन्हा पुन्हा. मग हसली.

"वास गेला, मॅम," ती म्हणाली. "आत एक बाई होत्या. सेम तुमच्यासारख्या. मी म्हटलं, ठेवू का? तर त्या पटकन बोलल्याच नाहीत. मला वाटलं नाही म्हणतात की काय."

"मग?"

"मग म्हणाल्या, ठेव."

ती गेली. दारात चपला घालताना भूक लागल्याचं फोनवर कुणालातरी सांगत होती. पंचशीला बसल्या जागी राहिली. खोलीत जळक्या कापडाचा वास पसरला होता. तो तिने ओळखला. त्याच्या मागे बारीक, एकसुरी, तो हॉर्नचा आवाजही होता. तोही आता सवयीचा झाला होता.

नीरज दारात आला. म्हणाला की केंद्रवाले मागे लागलेत, मुद्रण पुन्हा सुरू करा म्हणतायत, आता तर आणखी दुसऱ्या राज्यातूनही मागणी आहे. "काय सांगू मॅम? हो म्हणू?"

पंचशीलाने नाही म्हणायला तोंड उघडलं. शब्द मनात तयार होता, तिला दिसत होता, पण जिभेवर येईना. तिने पुन्हा प्रयत्न केला. नीरज वाट बघत होता. मग त्याची नजर खाली गेली आणि तो गोंधळून हसला, कारण मॅडमना खुर्चीवर असं पाय वर घेऊन बसलेलं त्याने कधी पाहिली नव्हती. मोकळी, आईने नुकतीच पुसलेली फरशी त्या दोघांच्या मध्ये चकाकत होती.

"म्हण," पंचशीला म्हणाली, आणि तिने पाय आणखी थोडे जवळ ओढून घेतले.